खपली : टरफलातला गहू

शहरातल्या किराणा दुकानांत गेल्या काही वर्षांत गव्हाची एक वेगळी पिशवी दिसू लागली आहे. दाणा लांबट, तांबूस, दोन्ही टोकांना निमुळता. भाव नेहमीच्या गव्हाच्या कितीतरी वर. आणि पिशवीवर बारीक अक्षरांत आश्वासनांची रांग: मधुमेहावर गुणकारी, वजन उतरवणारा, ग्लूटेनरहित, हजारो वर्षांपूर्वीचा. यातलं शेवटचं आश्वासन पूर्ण खरं आहे. पहिल्या दोहोंत तथ्य आहे, पण ते ज्या सुरात सांगितलं जातं तेवढं नाही. तिसरं सपशेल खोटं आहे, आणि काही माणसांच्या प्रकृतीशी खेळणारं आहे. खपलीवर एक अख्खं पुस्तक लिहायला हवं असं वाटलं, ते ही पिशवी वाचून.

सांगली, मिरज, शिरोळ, निपाणी, बेळगाव या पट्ट्यातल्या घरांना खपलीची ओळख करून द्यावी लागत नाही. तिथून ती कधी गेलीच नव्हती. लग्नाच्या पंगतीत, जत्रेच्या जेवणात, बाळंतिणीच्या खाण्यात तिची जागा ठरलेली. खीर खपलीची, शेवया खपलीच्या, सणाच्या पोळीला जमेल तेवढी खपली. रोजच्या भाकरीला ज्वारी, चपातीला साधा गहू आणि सणावाराला पुरेल एवढी खपली रानाच्या एका कडेला, अशी वाटणी कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आरोग्याचा विचार त्यात नव्हता असं नाही. खपली अंगी लागते, पोटाला जड होत नाही, हे म्हाताऱ्या बायका सांगतच आल्या. पण आधी चव आणि सण, मग बाकीचं.

या पुस्तकात मला जे मुख्य म्हणायचं आहे ते इथेच आहे. खपली आजवर टिकली ती लोकांना ती आवडली म्हणून, आणि पुढेही ती अन्न म्हणूनच टिकेल. औषध म्हणून तिचा खप चार वर्षं चढेल, मग दुसरं एखादं धान्य चर्चेत आलं की उतरेल, आणि तोवर तिच्या भरवशावर पेरा वाढवलेला शेतकरी अडचणीत येईल. म्हणून पुढच्या पानांत पोषणाची चर्चा जेवढी आहे त्याहून अधिक शेत, उखळ आणि चूल यांची आहे.

खपलीचं वेगळेपण तिच्या टरफलात आहे. साध्या गव्हाची ओंबी मळली की दाणा मोकळा होतो आणि भूस वाऱ्यावर उडून जातं. खपलीची ओंबी मळली तर ती तुकड्यातुकड्यांनी मोडते. एकेका तुकड्यात बहुधा दोन दाणे, आणि तेही चिवट टरफलात घट्ट बसलेले. मळणीनंतर पोत्यात भरला जातो तो टरफलासकट गहू. तसाच ठेवला तर त्याला कीड सहजासहजी लागत नाही. पेरतानाही तो टरफलासकटच पेरतात. खायचा झाला की मात्र ते टरफल काढावंच लागतं आणि ते काम साध्या चक्कीचं नाही.

माणसाने लागवडीखाली आणलेले पहिले गहू असेच होते, टरफलातले. शास्त्रज्ञ ज्याला एमर म्हणतात तो हा गहू पश्चिम आशियातल्या सुपीक चंद्रकोरीच्या प्रदेशात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी शेतात आला. त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे २३,००० वर्षांपूर्वी, गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो इथे राहणाऱ्या माणसांनी रानटी गहू आणि जव गोळा करून खाल्ल्याचे जळके दाणे उत्खननात मिळाले आहेत. लागवडीच्या एमरचा हा रानटी पूर्वज आजही त्या डोंगरांत उगवतो. आरोन आरोनसोन या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १९०६ साली गॅलिलीतल्या रोश पिना या वस्तीजवळ खडकाच्या फटीत उगवलेला सापडला आणि गव्हाचं मूळ कुठलं, या जुन्या प्रश्नाला भक्कम धागा मिळाला. रानटी गव्हाची ओंबी पिकली की आपसूक मोडून जमिनीवर विखुरते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बी निवडता निवडता ती कापणीपर्यंत ताटावर टिकणारी झाली. टरफल मात्र तसंच राहिलं.

इजिप्तमधल्या पिरॅमिडांच्या काळची भाकरी आणि बिअर एमरची होती. तूतनखामेनच्या थडग्यात मृत राजासाठी ठेवलेल्या धान्यात हाच गहू निघाला. अलेक्झांडरनंतर ग्रीक राजवट आली तेव्हा कुठे मोकळ्या दाण्याच्या गव्हाने तिथे त्याची जागा घेतली. रोमन लोक प्रारंभी बराच काळ पावावर नव्हे, तर या धान्याच्या दाट पेजेवर जगत, असं प्लिनीने नोंदवून ठेवलं आहे. त्यांच्या उच्चकुलीन विवाहविधीत वधूवरांनी याच धान्याची पोळी मिळून खायची असे. इटलीत तो अजून आहे. तस्कनीतल्या गार्फान्याना खोऱ्यातल्या फारोला, म्हणजे याच गव्हाला, १९९६ साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथे घेवड्याच्या दाण्यांबरोबर शिजवलेलं त्याचं दाट सूप हे आजही घरचं जेवण आहे. इथिओपियाच्या डोंगराळ भागातही तो पिकतो आणि खाल्ला जातो. मराठी माणसाची सणाची खीर आणि तस्कनीतल्या शेतकऱ्याचं हिवाळ्यातलं सूप एकाच धान्याचं आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपण रोज खातो तो चपातीचा गहूही या कुळाला परका नाही. लागवडीच्या एमरच्या कुळातल्या गव्हाचा एका रानटी गवताशी कॅस्पियन समुद्राच्या आसपास कधीतरी संकर झाला आणि त्यातून चपाती-पावाचा गहू जन्मला. खपलीच्या पेशीत २८ गुणसूत्रं असतात, चपातीच्या गव्हात ४२. वाढलेली १४ त्या गवताकडून आलेली. बन्सी म्हणून आपण ओळखतो तो रव्या-शेवयांचा गहू मात्र २८ गुणसूत्रांचाच, म्हणजे खपलीचा अगदी जवळचा भाऊबंद. बाजारात खपलीच्या नावावर बन्सी खपवणं सोपं जातं, त्यामागे हे नातंही आहे.

भारतीय उपखंडात हा गहू फार जुना. आजच्या बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या अगदी आरंभीच्या वस्तीत, जवाच्या जोडीने, त्याच्या खुणा मिळाल्या आहेत. आज भारतात त्याचा मुख्य पट्टा म्हणजे उत्तर कर्नाटक आणि त्याला लागून असलेला दक्षिण महाराष्ट्र. गुजरातचा काही किनारी भाग आणि तमिळनाडूतही तो आहे. तमिळ घरांत त्याला सांबा गोदुमै म्हणतात. उत्तरेच्या गहू पिकवणाऱ्या मैदानांत मात्र तो नाही. हा गहू दख्खनमध्येच का तगला, याचं एक उत्तर रोगात आहे.

गव्हावरचा तांबेरा शेतकऱ्याला नवा नाही. पानावर, खोडावर गंजासारखे फोड उठतात, बोट फिरवलं तर भुकटी हाताला लागते, आणि पीक भरायच्या वेळी दाणा पोचट राहतो. मैदानी मुलखातल्या उन्हाळ्यात या बुरशीचे बीजाणू जगत नाहीत. थंड डोंगरांत ते तग धरतात आणि पुढच्या हंगामात वाऱ्यावर पुन्हा शेतांत उतरतात, हे आग्र्याचे शास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवून दिलं. खोडावरच्या तांबेऱ्याच्या बाबतीत निलगिरी आणि पळणीचे डोंगर हे त्याचं घर. म्हणजे दख्खनचं रान त्याच्या वाटेवरचं. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे ते याच कामासाठी. अशा मुलखात जो गहू तांबेऱ्याला दाद देत नाही तोच शेतकऱ्याच्या घरी राहणार. उबदार हिवाळा, लवकर चढणारं ऊन आणि तांबेरा, या तिन्हींना खपली पुरून उरली.

या गुणामुळे खपलीचं नाव तिच्या मुलखापासून फार दूर पोचलं. अमेरिकेतल्या मिनेसोटात स्टॅकमन आणि लेव्हिन या शास्त्रज्ञांनी खोडावरच्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी १९२२ साली बारा गव्हांचा एक संच ठरवला. रोगाचा नमुना या बाराही गव्हांवर सोडायचा आणि कोणता बळी पडतो, कोणता टिकतो, यावरून बुरशीची जात ठरवायची. त्या बारांत मार्क्विस आहे, मिंडम आहे, व्हर्नल आहे आणि भारतातून गेलेली खपलीही आहे, याच नावाने. जगभरच्या प्रयोगशाळांत पुढे कितीतरी वर्षं ही पद्धत चालली. १९५० च्या दशकात १५बी नावाच्या तांबेऱ्याने उत्तर अमेरिकेतल्या ड्युरम गव्हाची दैना केली, तेव्हा नॉर्थ डकोटात जे नवे प्रतिकारक वाण काढले गेले त्यांतल्या लँग्डनच्या वंशावळीत खपली आहे. खपलीत सापडलेली एसआर १३ आणि एसआर १४ ही प्रतिकारक जनुकं शास्त्रज्ञ अजून अभ्यासतात. १९९० च्या दशकाअखेरीस युगांडात उद्भवलेल्या यूजी ९९ या भयंकर तांबेऱ्याने जगाची झोप उडवली, तेव्हा एसआर १३ त्याच्याविरुद्ध उपयोगी ठरलं. जगाने खपलीकडून एवढं घेतलं आणि आपण तिला सणापुरती ठेवली, याची मला खंत वाटते. पुस्तकातलं दुसरं प्रकरण पूर्णपणे या विषयाला दिलं आहे ते त्यासाठीच.

घरच्या शेतातून खपली मागे का हटली, याचं एक कारण सगळे सांगतात: हरितक्रांती. ते खरं आहे. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आलं, मग कल्याणसोना आणि सोनालिका आले. हे बुटके गहू खत-पाण्याला भरघोस प्रतिसाद देत आणि उभे राहत. जुनी खपली उंच. खत वाढवलं की ताटं लोळायची. त्यात मळलेल्या वजनातला पाव भाग टरफलातच जाणार. देशाला धान्य हवं होतं आणि ते मिळालं. त्या काळच्या निर्णयाला आज बसून दोष देण्यात मला अर्थ दिसत नाही.

दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही, आणि मला ते अधिक महत्त्वाचं वाटतं. ते कारण म्हणजे कांडण. खपलीवर पाण्याचा हबका मारायचा, हाताने वरखाली करून ओल सगळीकडे लागली की नाही ते पाहायचं, फडक्याखाली थोडा वेळ मुरू द्यायचं. मग उखळात घालून मुसळाने कांडायचं. घाव जोराचा बसला तर दाणा फुटतो, हलका बसला तर टरफल सुटत नाही. दाण्यावर दाणा घासून टरफल निघालं पाहिजे. मग उन्हात पसरायचं, सुपाने पाखडायचं, टरफलात राहिलेले दाणे वेगळे काढून पुन्हा उखळात घालायचे. एका घराच्या खिरीपुरती खपली सडायला दोघी-तिघींची सकाळ जायची. लग्नघर असेल तर गल्लीतल्या बायका आठ दिवस आधी गोळा व्हायच्या. ज्या दिवशी मोकळ्या दाण्याचा गहू थेट गिरणीत टाकून पीठ आणता येऊ लागलं, त्या दिवशी त्या बायकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. जुन्या अन्नाचे गोडवे गाताना हे कष्ट विसरून चालणार नाही. आज खपली परत येते आहे ती टरफल काढणाऱ्या यंत्रांमुळे, आणि ती तशीच यावी. यंत्राने सडलेल्या खपलीला उखळातल्या खपलीची चव नाही, असं म्हणणाऱ्या मंडळींशी मी सहमत नाही. आणि समजा असलाच काही फरक, तर त्यापायी कुणी पुन्हा मुसळ हाती घ्यावं असं मला वाटत नाही.

वाणांच्या बाजूनेही काम झालं आहे. धारवाडच्या कृषिविज्ञान विद्यापीठाने डीडीके १००९, डीडीके १०२५, डीडीके १०२९ असे वाण दिले. निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या केंद्रातून एचडब्ल्यू १०९८ आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस २९७१ दिला. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या मूळ इंग्रजी नावाची आद्याक्षरं आजही तिच्या वाणांवर आहेत. उंची कमी झाल्यामुळे हे वाण पाणी-खत घेऊनही बरेचसे उभे राहतात. जुन्या बियाण्याचीच खपली खरी, बाकीची नकली, असा प्रचार काही विक्रेते करतात. त्याला आधार नाही. बुटकी झाली तरी ती खपलीच आहे, टरफलासकट.

आता आरोग्याबद्दल, कारण बहुतेक वाचक पुस्तक त्यासाठीच उघडतील.

सगळ्यात आधी ग्लूटेन. खपली हा गहू आहे आणि गव्हात ग्लूटेन असतं. खपलीचं ग्लूटेन ताणायला कमजोर असतं, त्यामुळे तिच्या पिठाचा पाव फुगत नाही. पण ते असतं, आणि भरपूर असतं. ज्यांना सीलिअॅक आजार आहे त्यांच्या आतड्याला ग्लूटेनमुळे थेट इजा होते. चपातीच्या गव्हाला त्या रानटी गवताकडून जी गुणसूत्रं मिळाली त्यांच्यातली काही जास्त त्रासदायक प्रथिनं खपलीत नाहीत, हे खरं. पण म्हणून ती या रुग्णांना चालते असा अर्थ काढणं चुकीचं आणि धोक्याचं आहे. त्यांनी खपली एक घासही खाऊ नये. आपल्या देशातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असलेल्या पदार्थावर ग्लूटेनरहित असं लिहिता येत नाही. खपलीच्या पिशवीवर ते शब्द छापणं हा कायद्याचाही भंग आहे. सीलिअॅक असलेल्यांसाठी ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, तांदूळ आहेतच आणि ती सगळी आपल्याच मातीतली आहेत.

मग मधुमेह. १०० ग्रॅम खपलीत कर्बोदकं ६५ ते ७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे इतर गव्हाइतकीच. उष्मांकही तेवढेच. खपलीच्या सहा चपात्या खाऊन साखर आटोक्यात राहील अशी आशा कुणी धरू नये. तरीही तिच्यात काही चांगलं आहे. प्रथिनं १२ ते १५ टक्क्यांपर्यंत, वाणानुसार आणि जमिनीनुसार कमीजास्त. दाणा कठीण; त्यातलं स्टार्च प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट बसलेलं, म्हणून पचायला वेळ लागतो आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. धारवाडच्या विद्यापीठात मधुमेहींच्या आहारात खपली देऊन अभ्यास झाले, आणि साखर व रक्तातले स्निग्धांश या दोन्हींवर परिणाम अनुकूल दिसला. असे अभ्यास थोड्या लोकांवर, थोड्या काळापुरते असतात. त्यातून खपली चांगली असा निष्कर्ष काढावा, खपलीने मधुमेह बरा होतो असा नाही.

तिचा फायदा खरा कुठे आहे ते तिच्या जुन्या पाककृतीच सांगतात. आपण चपाती खातो तेव्हा बारीक दळलेलं पीठ खातो. पिठाचा कण जेवढा बारीक तेवढं स्टार्च लवकर उघडं पडतं. खीर, सांजा, लापशी या पदार्थांत मात्र खपली अख्खी किंवा भरड असते. अख्खा दाणा चावावा लागतो, पोटात जाऊनही त्याला फुटायला वेळ लागतो, भूक उशिरा लागते. खपलीच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही भरड. तंतूंचंही तसंच. साध्या गव्हाची न चाळलेली कणीकही १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या आसपास तंतू देते. खपलीचं पीठ मैद्यासारखं चाळून त्याची बिस्किटं केली तर त्यात खपलीचं फक्त नाव उरतं. महाग खपली चाळून खाण्यापेक्षा साधा गहू कोंड्यासकट खाणं प्रकृतीला बरं, हे मी खपलीच्या पुस्तकात मुद्दाम लिहिते आहे.

आता स्वयंपाकघर. पुस्तकाचा निम्माअधिक भाग तिथे गेला आहे.

खिरीपासून सुरुवात केली आहे, कारण ती जमली की खपली कळली. सडलेली खपली धुऊन रात्रभर भिजत घालायची. सकाळी तिच्या चौपट पाण्यात मंद आचेवर शिजवायची. घाई असेल तर कुकर, पण मग नंतर पातेल्यात काढून घोटायला हवी. दाणा फुलून फुटला, बोटांत दाबला की मऊ लागला आणि भोवतालचं पाणी दाट, किंचित चिकट झालं, की मगच गूळ. हे क्रमाने झालं पाहिजे. गूळ आधी पडला तर दाणा तिथेच अडतो, पुढे तासभर उकळला तरी मऊ होत नाही. मग रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटायचं. सगळा दाणा मोडायचा नाही, निम्मा मोडला की पुरे. भाजून कुटलेली खसखस, सुकं खोबरं, वेलदोडा, जायफळ, सुंठ. दूध खिरीत उकळायचं नाही, गुळाने ते फाटतं. ताटात वाढल्यावर वरून कोमट दूध आणि चमचाभर तूप. सीमेपलीकडच्या कानडी घरांत हीच हुग्गी होते, थोडी अधिक घट्ट आणि तुपाला सढळ. या खिरीला पौष्टिक म्हणता येईल, हलकी म्हणता येणार नाही. गूळ कमी करून, तूप वगळून तिला पथ्याचं रूप देण्याच्या कृती मी पुस्तकात घेतलेल्या नाहीत. खीर सणाला, पोटभर आणि आनंदाने खावी.

रोजच्या जेवणासाठी तीच खपली वेगळ्या वाटेने जाते, आणि आजच्या खाण्यात तिला सगळ्यात जास्त वाव आहे तो इथे. रात्रभर भिजवलेली एक वाटी खपली, तीन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. कुकरला पाच-सहा शिट्ट्या. पाणी निथळून ताटात पसरून ठेवली की दाणे मोकळे होतात आणि भातासारखे वापरता येतात, फक्त चावायला भरपूर. निथळलेलं पाणी टाकू नये, ते आमटीत घालावं. या दाण्यांवर मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी, मोड आलेली मटकी, बारीक चिरलेली मेथी, लिंबू, एवढ्यावर एक जेवण होतं. कांदा, काकडी, डाळिंब, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट आणि दही घातलं तर कोशिंबीर. शिजवून फ्रीजमध्ये ठेवलेली खपली दोन-तीन दिवस चांगली राहते, म्हणून डब्यासाठी तिच्यासारखं सोयीचं दुसरं धान्य मला सापडलेलं नाही. तस्कनीतल्या सूपची कृतीही दिली आहे. त्यात पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांऐवजी आपला वाल किंवा चवळी छान लागते.

माणशी पाऊण वाटी शिजलेली खपली, तेवढीच डाळ किंवा उसळ आणि दोन्हींहून जास्त भाजी, हे माप बहुतेक पाककृतींत धरलं आहे. प्रकृतीला गुण येतो तो या मापाने. गहू कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

भरडलेल्या खपलीचा सांजा आणि मुगाच्या डाळीबरोबरची खिचडी लहान मुलं आणि वयस्कर माणसं दोघांनाही मानवते. चपातीबद्दल मात्र थोडं सावध करते. खपलीच्या पिठाला ताण कमी. नेहमीसारखं मळून लगेच लाटायला घेतलं तर कडा चिरतात. कोमट पाण्याने सैलसर मळून अर्धा तास झाकून ठेवलं, मग हलक्या हाताने आणि किंचित जाड लाटली, की पोळी होते, आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहते. सुरुवातीला निम्मं साधं पीठ मिसळायलाही काही हरकत नाही. पाव करणाऱ्यांसाठी एक छोटं प्रकरण आहे. हा पाव बुटका आणि गच्च होतो, चवीला मात्र फार खमंग.

खपली घेताना काय पाहावं, हेही पुस्तकात सविस्तर आहे, कारण फसवणूक सर्रास होते. खपलीचा दाणा बन्सीपेक्षा लांब आणि सडपातळ असतो, रंग अंबरी पिवळा नसून तांबूस, आणि सडलेल्या खपलीत क्वचित एखादा दाणा टरफलातच राहिलेला सापडतो. असा दाणा दिसला की मला बरं वाटतं. पीठ विकत घेतलं तर ओळखायला काहीच उरत नाही, म्हणून शक्य असेल तर दाणा घ्यावा आणि जवळच्या गिरणीत दळून आणावा, जाडसर. त्याहून चांगलं म्हणजे मार्चमध्ये, कापणी-मळणी झाली की, पिकवणाऱ्याकडून थेट घ्यावी. दुकानातल्या भावातला किती हिस्सा रानात पोचतो ते शेतकऱ्याला विचारलं तर उत्तर बहुधा निराश करणारं असतं. सरकारी खरेदीत गहू म्हणजे सरसकट गहू. टरफल, सडण्याचा खर्च, कमी उतारा, यांचा हिशेब तिथे होत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि ज्वारी-बाजरी-नाचणीकडे थोडं लक्ष गेलं, ते योग्यच झालं. खपली भरडधान्यात मोडत नाही आणि मोठ्या गव्हाच्या गणतीतही तिला वेगळी ओळ मिळत नाही. शेतकऱ्यांचे गट, बचत गट आणि शहरातली घरं यांनी आगाऊ मागणी नोंदवून थेट व्यवहार केला तरच हा हिशेब सुधारेल असं माझं मत आहे.

शेवटचं प्रकरण पेरणाऱ्यांसाठी आहे. नोव्हेंबरात, जमिनीत ओल आणि हवेत गारवा असताना, टरफलासकट पेरायचं. टरफलामुळे एकरी बियाण्याचं वजन साध्या गव्हापेक्षा जास्त धरावं लागतं. तांबेऱ्याची धास्ती कमी, पण शेजारी उसाला भरपूर पाणी चाललं असेल तर उंच वाण लोळतो, तिथे बुटके वाण घ्यावेत. आणि गहू स्वपरागी असल्यामुळे घरचं बी घरीच राखता येतं. ओंब्या भरल्या की शेतात फिरून वेगळ्या दिसणाऱ्या ओंब्या काढून टाकायच्या, उरलेल्यांतल्या सरस ओंब्या वेगळ्या मळायच्या, उन्हात चार दिवस वाळवायच्या आणि टरफल न काढता कोरड्या जागी ठेवायच्या. पुढच्या नोव्हेंबरात तेच बी पुन्हा जमिनीत जातं. ज्यांना स्वतःपुरती दोन गुंठे खपली लावून पाहायची आहे त्यांना बियाणं कृषी विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत हंगामाच्या आधी मागावं लागतं; मागणी ऑक्टोबर उजाडायच्या आत नोंदवावी.